शेवटचा एक यार्ड

(‘फुटबॉल’ म्हटले, की पायाने चेंडू मारण्याचा खेळ आपल्या डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला फुटबॉल मात्र मुख्यतः हाताने खेळला जातो. या खेळात चेंडू कसा फेकावा आणि समोरच्याची फेक कशी अडवावी, हे प्रशिक्षक खेळाडूंना कसे शिकवतात, याची माहिती या पाठात दिली आहे. सरावात झालेली एक चूक एका तरुण खेळाडूला पुढे कशी उपयोगी पडली, तेही या पाठात वाचा.)

१ फेब्रुवारी २०१५ चा दिवस. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल या शहरात ‘सुपर बोल’ हा सामना चालू होता. अमेरिकन फुटबॉलमधला हा वर्षातला सर्वांत मोठा सामना. एका बाजूला न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ होता, तर दुसऱ्या बाजूला सिॲटल सीहॉक्स. पेट्रियट्सचे २८ गुण झाले होते आणि सीहॉक्सचे २४. सामना संपायला फक्त २६ सेकंद उरले होते. चेंडू सीहॉक्सच्या ताब्यात होता आणि गोलरेषा केवळ एक यार्ड दूर होती. तेवढे अंतर कापले, की सहा गुण मिळणार आणि सामना जवळजवळ खिशात पडणार! हजारो प्रेक्षक श्वास रोखून पाहत होते.

पुढे काय झाले? ते समजण्यासाठी आधी आपण हा खेळ समजून घेऊ.

या खेळात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. दोन गोलरेषांमधले अंतर १०० यार्ड असते आणि मैदानाची रुंदी सुमारे ५३ यार्ड असते. एक यार्ड म्हणजे तीन फूट. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड लांब असते, हे तुम्हांला माहीत आहेच. त्यावरून या मैदानाचा अंदाज करा. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पार केले, तर पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. नाही केले, तर चेंडू दुसऱ्या संघाला द्यावा लागतो. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली किंवा रेषेपलीकडे चेंडू झेलला, तर सहा गुण मिळतात. याला ‘टचडाउन’ म्हणतात.

चेंडू पुढे नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे चेंडू छातीशी धरून धावणे. दुसरा मार्ग म्हणजे पुढे असलेल्या सोबत्याकडे चेंडू फेकणे. फेक करणारा खेळाडू बहुधा ‘क्वार्टरबॅक’ असतो. तो संघाचा मेंदू असतो, असे म्हटले तरी चालेल. चेंडू झेलायला जे खेळाडू पुढे धावतात, त्यांना ‘रिसीव्हर’ म्हणतात. फेकलेला चेंडू कोणी न झेलता जमिनीवर पडला, तर एक प्रयत्न वाया जातो. पण घड्याळ थांबते. प्रतिपक्षाच्या खेळाडूने तो झेलला, तर चेंडू त्यांचा होतो. म्हणून फेक हा मोठा लाभाचा, पण तेवढाच धोक्याचा मार्ग आहे.

पूर्वी या खेळात चेंडू पुढे फेकण्याची परवानगीच नव्हती. सगळे खेळाडू एकमेकांना बिलगून एकत्र पुढे घुसत. धक्काबुक्की होई, हाडे मोडत. १९०५ च्या हंगामात तर अनेक तरुण खेळाडूंचा मृत्यू झाला. खेळ मुलांच्या जिवावर बेतू लागला, तेव्हा काही महाविद्यालयांनी तो बंद करण्याचा विचार सुरू केला. त्या वेळी थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि खेळ सुधारण्यास सांगितले. पुढे १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. खेळाडू मैदानभर पसरले, तर एका ठिकाणची चेंगराचेंगरी कमी होईल, हा त्यामागचा एक हेतू होता.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन याने चेंडू पुढे फेकला. नियमात बसणारी ही पहिली फेक समजली जाते. गंमत अशी, की ती फेक फसली! चेंडू कोणाच्याही हाती लागला नाही आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे तो प्रतिपक्षाला मिळाला. परंतु रॉबिन्सनने धीर सोडला नाही. त्याच सामन्यात त्याने जॅक श्नायडर या सोबत्याकडे पुन्हा चेंडू फेकला आणि या वेळी टचडाउन झाले.

तरीही अनेक संघ फेक करायला घाबरत. १९१३ मध्ये नॉत्र दाम विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, गस डोराय आणि क्नूट रॉक्नी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ईरी सरोवराच्या काठी नोकरी करत होते. कामातून फुरसत मिळाली, की ते वाळूवर फेकीचा आणि झेलीचा सराव करत. डोराय फेकी आणि रॉक्नी धावता धावता झेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला त्यांच्या संघाने लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला ३५ विरुद्ध १३ गुणांनी हरवले. चांगली फेक असेल, तर अंगाने दांडग्या संघालाही हरवता येते, हे साऱ्या देशाला कळले.

आता फेक कशी करावी, ते पाहू. तुम्हांला वाटेल, की जोरदार हात असला म्हणजे झाले. प्रशिक्षक मात्र हातापेक्षा पायांकडे आधी लक्ष देतात. क्वार्टरबॅकने चेंडू हाती घेतल्यावर ठरलेली पावले मागे जायचे असते. तीन पावले मागे गेला तर छोटी फेक, पाच पावले मागे गेला तर थोडी लांबची फेक. त्याच्या पावलांचा आणि रिसीव्हरच्या धावण्याचा मेळ बसलेला असतो. रिसीव्हर कोठे वळणार, हे आधीच ठरलेले असते. म्हणून चांगला क्वार्टरबॅक रिसीव्हर वळण्याची वाट पाहत नाही. तो रिकाम्या जागेत चेंडू फेकतो. रिसीव्हर वळतो, तेव्हा चेंडू त्याच्याकडे येतच असतो.

दुसरी गोष्ट नजरेची. क्वार्टरबॅकला विचार करायला साधारण तीनच सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रतिपक्षाचे दांडगे खेळाडू त्याच्यावर चालून येतात. म्हणून प्रशिक्षक त्याला क्रम शिकवतात. आधी पहिल्या रिसीव्हरकडे पाहायचे. तो मोकळा नसेल, तर दुसऱ्याकडे. तोही नसेल, तर जवळच्या तिसऱ्याकडे. एकाच खेळाडूकडे टक लावून पाहिले, तर बचाव करणाऱ्यांना फेकीची दिशा कळते. हुशार क्वार्टरबॅक डावीकडे पाहून त्यांना हुलकावणी देतो आणि उजवीकडे चेंडू फेकतो.

तिसरी गोष्ट संयमाची. कोणीच मोकळा नसेल, तर चेंडू मैदानाबाहेर फेकून द्यावा, असेही शिकवले जाते. मात्र तसे करतानाही नियम पाळावे लागतात. एक प्रयत्न गेला तरी चालेल, पण चेंडू प्रतिपक्षाला मिळता कामा नये. चेंडू असा फेकावा, की तो मिळाला तर आपल्याच माणसाला मिळेल, नाहीतर कोणालाच मिळणार नाही. १० जानेवारी १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मोन्टाना याने अशीच एक उंच फेक केली. ती ड्वाइट क्लार्कने उंच उडी मारून बोटांच्या टोकांवर झेलली. सॅन फ्रान्सिस्कोने तो सामना २८ विरुद्ध २७ असा जिंकला.

त्या संघाचे प्रशिक्षक होते बिल वॉल्श. त्याआधी, १९७० मध्ये, ते सिनसिनाटीच्या संघात साहाय्यक प्रशिक्षक होते. तेथे त्यांच्याकडे व्हर्जिल कार्टर नावाचा क्वार्टरबॅक होता. त्याला फार लांब फेकता येत नव्हते, पण तो हुशार होता आणि त्याची जवळची फेक अचूक असे. वॉल्श यांनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी त्याच्यासाठी नवे डाव रचले. फेक छोटी, पण अचूक. मैदानाच्या लांबीबरोबर रुंदीचाही वापर. चेंडू झेलल्यावर उरलेले अंतर रिसीव्हरने धावून कापायचे. एका खेळाडूच्या उणिवेतून खेळण्याची नवी पद्धत जन्माला आली आणि पुढे अनेक संघांनी ती उचलली.

आता बचावाकडे वळू. फेक अडवण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक बचावपटूला एक रिसीव्हर नेमून दिलेला असतो. तो जाईल तिकडे सावलीसारखे जायचे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाला मैदानाचा एक भाग नेमून दिलेला असतो. त्या भागात जो येईल, त्याला अडवायचे. पहिल्या प्रकारात रिसीव्हरच्या कमरेवर नजर ठेवावी, असे प्रशिक्षक सांगतात. डोके, खांदे आणि डोळे फसवू शकतात. पण कंबर वळल्याशिवाय माणूस वळू शकत नाही! दुसऱ्या प्रकारात मात्र नजर क्वार्टरबॅकवर ठेवावी लागते.

कधी कधी बचाव करणारे जादा खेळाडू अचानक क्वार्टरबॅकवर धाव घेतात. याला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. त्यामुळे क्वार्टरबॅक गडबडतो. पण मागे राखणीला माणसे कमी उरतात. ब्लिट्झ फसला, तर टचडाउन होऊ शकते. म्हणून हा डाव ऊठसूट खेळत नाहीत. चांगला बचाव आपला डाव शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोलणे. बचाव करणारे खेळाडू एकमेकांना सतत इशारे देतात. गप्प राहणारा बचाव हरतो, असे समजा.

आता पुन्हा ग्लेनडेलच्या मैदानावर चला. पेट्रियट्सच्या बचावात माल्कम बटलर नावाचा तरुण उभा होता. मोठ्या संघात त्याचे ते पहिलेच वर्ष होते. काही वर्षांपूर्वी त्याने खाद्यपदार्थांच्या दुकानात नोकरी केली होती. नंतर तो वेस्ट अलाबामा विद्यापीठाकडून खेळला. व्यावसायिक संघ दर वर्षी नव्या खेळाडूंची निवड करतात, तेव्हा एकाही संघाने त्याला निवडले नव्हते. पेट्रियट्सनी त्याला चाचणीसाठी बोलावले आणि तेथे त्याने आपली जागा मिळवली.

त्या सामन्याच्या तयारीत पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी सीहॉक्सच्या डावांचा अभ्यास करून घेतला होता. गोलरेषेजवळ सीहॉक्स दोन रिसीव्हर एकामागे एक उभे करत. पुढचा रिसीव्हर बचावपटूची वाट अडवी आणि मागचा तिरका आत घुसून चेंडू झेली. सरावात हाच डाव बटलरसमोर खेळला गेला. बटलरला पोहोचायला उशीर झाला आणि टचडाउन झाले. हा डाव तुला अडवता आलाच पाहिजे, असे प्रशिक्षकांनी त्याला बजावले. बटलरने मनाशी खूणगाठ बांधली.

आणि आता, शेवटच्या २६ सेकंदांत, सीहॉक्सचे दोन रिसीव्हर उजव्या बाजूला तसेच एकामागे एक उभे राहिले. पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. पेट्रियट्सचा अनुभवी खेळाडू ब्रँडन ब्राउनर कर्सच्या समोर होता आणि बटलर त्याच्या मागे. पुढच्याला मी अडवतो, मागचा तू सांभाळ, असे त्यांचे ठरले. डाव सुरू होताच ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखून धरले. बटलरची वाट मोकळी झाली. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने लॉकेटकडे वेगाने चेंडू फेकला. पण या वेळी बटलर जराही थांबला नाही. तो सरळ चेंडूच्या दिशेने झेपावला, लॉकेटच्या आधी पोहोचला आणि त्याने चेंडू झेलला! पेट्रियट्स जिंकले.

सीहॉक्सकडे मार्शॉन लिंच हा धावणारा दणकट खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू का दिला नाही, असे लोक आजही विचारतात. त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतली. परंतु त्यांचा विचार अगदीच चुकीचा होता, असे म्हणता येईल का? घड्याळ थांबवण्याची त्यांच्याकडे एकच संधी उरली होती. धावण्याचा प्रयत्न फसला असता, तर वेळ निघून गेला असता. फेक जमिनीवर पडली असती, तर घड्याळ आपोआप थांबले असते आणि आणखी दोन प्रयत्न करता आले असते. डाव विचारपूर्वक निवडलेला होता. पण समोरचा खेळाडू त्या डावासाठी तयार होता. लोक बटलरचे नाव घेतात. ब्राउनरने कर्सला रोखले नसते, तर बटलर पोहोचला असता का, हा विचार फार थोडे जण करतात.

हा खेळ आजही धोक्याचा आहे. डोक्याला वारंवार मार बसल्याने मेंदूला इजा होते, हे आता डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. म्हणून प्रतिपक्षाला अडवताना डोके वर ठेवावे आणि खांद्याचा उपयोग करावा, असे प्रशिक्षक शिकवतात. डोके खाली करून हेल्मेटने धडक मारण्यास व्यावसायिक सामन्यांत २०१८ पासून बंदी आहे. याच खेळाचा ‘फ्लॅग फुटबॉल’ हा सौम्य प्रकारही आहे. त्यात कोणाला पाडायचे नसते. कमरेला लावलेली कापडी पट्टी ओढली, की डाव थांबतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. क्रिकेटलाही त्याच वेळी ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली.

मुलांनो, रॉबिन्सनची पहिली फेक फसली, कार्टरला लांब फेकता येत नव्हते आणि बटलर सरावात हरला. तिघांपैकी कोणीही आपली चूक किंवा उणीव लपवली नाही. सामन्यातली चूक महाग पडते. सराव मात्र चुकण्यासाठीच असतो. वहीत चुकलेले गणित पुन्हा सोडवणारा विद्यार्थी परीक्षेत त्याच गणिताला घाबरत नाही. तो शेवटचा एक यार्ड बटलरने मैदानावर राखला खरा, पण तो राखायला तो शिकला होता सरावात.

शब्दार्थ

निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
प्रतिपक्ष – समोरचा संघ
हंगाम – खेळाचा ठरावीक काळ, मोसम
बलाढ्य – फार ताकदवान
उणीव – कमतरता
ऊठसूट – कारण नसताना, पुन्हा पुन्हा
राखण – रक्षण, पहारा
इजा – दुखापत
सौम्य – कमी जोराचा, शांत

वाक्प्रचार

श्वास रोखून पाहणे – अतिशय उत्सुकतेने पाहणे
जिवावर बेतणे – प्राणांवर संकट येणे
हुलकावणी देणे – चकवणे
मनाशी खूणगाठ बांधणे – पक्का निश्चय करणे, नीट लक्षात ठेवणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला किती प्रयत्न मिळतात?
(आ) डोराय आणि रॉक्नी सराव कोठे करत?
(इ) बचावपटूने रिसीव्हरच्या कमरेवर नजर का ठेवावी?
(ई) पीट कॅरोल यांनी पराभवाची जबाबदारी कोणावर टाकली?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) चेंडू पुढे फेकण्यास ........ मध्ये परवानगी मिळाली.
(आ) क्वार्टरबॅकला विचार करायला साधारण ........ सेकंद मिळतात.
(इ) गप्प राहणारा बचाव ........, असे समजा.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १९०६ मध्ये खेळाचे नियम का बदलावे लागले?
(आ) वॉल्श यांनी कार्टरच्या उणिवेवर कोणता उपाय शोधला?
(इ) बटलरच्या यशात ब्राउनरचा वाटा कोणता होता?

प्रश्न ४. तुमचे मत लिहा.
तुम्ही सीहॉक्सचे प्रशिक्षक असता, तर शेवटच्या २६ सेकंदांत कोणता डाव निवडला असता? कारण द्या.

प्रश्न ५. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

भाषेचा अभ्यास

मैदान, नजर, अंदाज, इशारा, तयारी, फुरसत, जागा, बाजू हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. परंतु काही शब्दांचे लिंग दोन्ही भाषांत सारखे नसते. उर्दूत ‘मैदान’ पुल्लिंगी आहे. मराठीत तो शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून मराठीत ‘मोठा मैदान’ असे न म्हणता ‘मोठे मैदान’ असे म्हणावे. त्याचप्रमाणे ‘बाजू’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे : उजवी बाजू, डावी बाजू.

असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचे मराठीतील लिंग शिक्षकांना विचारून लिहा आणि प्रत्येकाचे एक वाक्य तयार करा.

उपक्रम

तुमच्या आवडत्या खेळाच्या सरावात तुमची एखादी चूक झाली असेल. ती चूक कोणी दाखवली आणि तुम्ही ती कशी सुधारली, ते आठ-दहा ओळींत लिहा व वर्गात वाचून दाखवा.